गेरूचा बांध, लाल उजेड

माझी मुलगी बोलायला लागली तेव्हा तिच्या पहिल्या काही शब्दांत एक शब्द होता, 'उजवीकून'. आजीजवळ जाताना ती मध्येच थबकायची, आजीभोवती अर्धा फेरा मारायची, 'उजवीकून' म्हणायची आणि मगच तिच्या मांडीला टेकायची. आजीच्या डाव्या अंगाला हात लावायचा नाही, हे आम्ही सगळ्यांनी तिला शिकवलं होतं. चालायला यायच्या आधी शिकवलं होतं.

आईला नागीण झाली होती. डाव्या कुशीवर, पाठीच्या कण्यापासून बरगडीच्या कडेने पुढे छातीखालपर्यंत पुरळाचा पट्टा उठला होता. पुढे फोड सुकले, खपल्या पडल्या, तांबूस डाग राहिले. गाव म्हणालं, सुटली बिचारी. पण दुखणं सुटलं नाही. कातडी वरून बरी दिसायची आणि आतून पेटलेली असायची. "पदरात निखारा बांधल्यावानी होतंय," आई म्हणायची. नुसता वारा लागला तरी ती दात आवळायची. ब्लाउज घालणं तर शक्यच नव्हतं. बाबांचे जुने ढगळ सदरे ती साडीवर घालायची आणि कुणी दारात आलं की आत जाऊन बसायची. लग्नाची आमंत्रणं आली की बाबा एकटेच जायचे.

माझं सासर साजगावात, माहेर तिथून रिक्षाच्या अंतरावर. मी रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते. सकाळी मुलीला आईकडे सोडायचं आणि संध्याकाळी न्यायचं, असं ठरूनच मी बाळंतपणानंतर कामावर परत गेले होते. आई तिला बसल्या बसल्या भरवायची, गोष्टी सांगायची, टाळ्या वाजवून खेळवायची. पण पोरीने हात वर केले की आईचे हात खालीच राहायचे. आमच्याकडे बाया पोर डाव्या कडेवर घेतात, उजवा हात कामाला मोकळा राहतो. उजव्या कडेवर घ्यायचा प्रयत्न आईने केला, पण पोरीचा पाय डावीकडे लागला आणि आई पांढरीफटक होऊन उंबऱ्यावर बसली. त्या दिवशी ती मला म्हणाली, "पोर कडेवर घेता येत नाय ती आजी कसली गं?"

ते वाक्य मला लागलं, त्याला कारण होतं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आई चौथीत शाळेतून निघाली, बाबा त्याच्याही आधी. आमच्या वाडीतून शाळेत जायला ओढा ओलांडावा लागायचा. पावसाळ्यात त्याला पाणी आलं की आई मला डाव्या कडेवर घ्यायची आणि माझं दप्तर माझ्याच डोक्यावर ठेवायला लावायची. मग उजव्या हातातल्या काठीने तळ चाचपत ती मला पलीकडे सोडून यायची. संध्याकाळी पुन्हा तसंच. पुढे कॉलेजात गेले, पदवी मिळाली, लोक अभिनंदन करायला लागले, तेव्हा मला ती कड आठवायची. माझं शिक्षण तिथून सुरू झालं होतं, आणि आता त्याच जागेला बोट लावायची सोय राहिली नव्हती.

आमच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. नागिणीने नस दुखावली आहे. पुरळ गेलं तरी ती नस 'दुखतंय, दुखतंय' असे निरोप पाठवत राहते. गोळ्यांनी आईला थोडा आराम पडायचा, पण दिवसभर गुंगी यायची. डाळीला फोडणी दिली की नाही हे तिला आठवायचं नाही. मग डॉक्टर म्हणाले, "खोपोलीला एक फिजिओथेरपिस्ट आहेत. त्या प्रकाशाने उपचार करतात. सगळ्यांना गुण येतो असं मी म्हणणार नाही. पण गोळ्या चालू ठेवून करून बघायला हरकत नाही."

घरी हे सांगितल्यावर बाबा हसायला लागले. कारखान्यात पहारेकरी म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. "म्हंजे बॅटरीच मारणार ना अंगावर? मग मी घरीच मारतो की. माझी बॅटरी गेटावरच्या ट्रकचा नंबर दाखवायची."

"तुमच्या बॅटरीनं कधी साधा उंदीर पळाला नाय," आई म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "कधी जायचं गं?"

क्लिनिक पहिल्या मजल्यावर होतं. खाली भांड्यांचं दुकान आणि खिडकीसमोर सगळा डोंगर. त्या डोंगरावरून वीजकेंद्राचे मोठमोठे पाइप खाली उतरतात, ते आईच्या टेबलावरून सरळ दिसायचे. फिजिओथेरपिस्ट माझ्याच वयाची, बोलायला मोकळी. तिने आईला उजव्या कुशीवर झोपवलं, सदरा अलगद बाजूला केला आणि म्हणाली, "मावशी, मी टेकवणार नाही. थोडं अंतर ठेवूनच धरणार आहे. दुखलं, गरम वाटलं, नुसती भीती वाटली तरी सांगायचं."

मग तिने आम्हा दोघींना काळे गॉगल दिले. आईने ते चढवले आणि मान वळवून मला विचारलं, "कशी दिसते गं?"

"हिरॉइन."

"बापाला फोटो पाठव. म्हनावं, बॅटरी बघायला ये."

उपकरण हातात मावेल एवढं होतं. त्याच्या गोल तोंडावर दाण्यांसारखे दिवे, काही लाल पेटलेले, काही विझल्यासारखे. आवाज नाही, वास नाही. आईच्या डागांवर एक लाल वर्तुळ उमटलं, थोडा वेळ थांबलं आणि पुढे सरकलं. मला वाटलं, काही दिवे बिघडलेत. मी तसं विचारलं.

"बिघडलेले नाहीत. तेही चालूच आहेत. आपल्या डोळ्यांना तो उजेड दिसत नाही, एवढंच. तुमचा मोबाइल काढा, कॅमेऱ्यातून बघा."

तिने उपकरणाचं तोंड भिंतीकडे तिरपं केलं आणि मी मोबाइल धरला. डोळ्यांना काळे दिसणारे ते दाणे पडद्यावर जांभळट पांढरे चमकत होते. सगळे. मी मोबाइल बाजूला केला, दाणे काळे. पुन्हा धरला, दाणे पेटलेले. मी आईच्या तोंडासमोर पडदा नेला. तिने गॉगल कपाळावर ढकलून पाहिलं, मग नुसत्या डोळ्यांनी दाण्यांकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"म्हंजे हा उजेड हाय, पन आपल्याला दिसत नाय?"

"हो, मावशी. आणि तो कातडीखाली जरा जास्त खोल जातो. आतल्या पेशींना तो कामाला येतो, सूज उतरायला, नस शांत व्हायला मदत होते असं दिसलंय. सगळं अजून कळलेलं नाही."

आईने गॉगल परत डोळ्यांवर ओढला. प्रयोगशाळेत मी रोज काय करते, तर काचेच्या चौकोनी नळीत द्रावण भरते, त्यातून प्रकाश सोडते आणि द्रावणाने किती प्रकाश गिळला तो आकडा वाचते. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश मला पुस्तकात भेटला होता, यंत्रावर आकडा होऊन भेटला होता. पण तो आईच्या बरगडीपर्यंत जाईल, आणि तिथलं कुणीतरी त्याला ओळखेल, असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

परतताना आई रिक्षात डोंगराकडे बघत म्हणाली, "माझ्या लहानपनी ह्या पाइपातलं पानी खाली येऊन लाईट व्हायची. तारा आमच्या वाडीवरून मुंबईला जायच्या. खाली आमी चिमनीच्या उजेडात भाकऱ्या खायचो. माझा बाप म्हनायचा, डोक्यावरून चाललीय बघ." मग स्वतःच्या कुशीकडे बोट न लावता दाखवत म्हणाली, "आता आली इथवर."

आम्ही जात राहिलो. पहिल्या काही खेपांत फरक म्हणावा असा काही नव्हता. एकदा आई म्हणाली, बरं वाटतंय. पुढच्या वेळी म्हणाली, नाय, तसंच हाय. मी रजा जुळवत होते आणि मनातल्या मनात घाबरत होते. डॉक्टरांनी 'सगळ्यांना गुण येत नाही' म्हटलं होतं, आणि गुण न येणाऱ्यांत आपण असू, असं मला वाटायला लागलं होतं.

मग एकदा फिजिओथेरपिस्ट बाईंनी पाठीकडून सुरुवात करायची ठरवली. नस कण्यापाशी जिथून निघते तिथेही प्रकाश द्यायला हवा, असं त्या म्हणाल्या. उपकरण कण्याजवळ धरलं आणि आई एकदम ताठ झाली.

"चटका बसला!"

बाईंनी तत्काळ उपकरण बंद केलं. पण आईचा चेहरा घाबरलेला नव्हता. ती खुशीत होती. "लागला बघ तिला! आज बरोबर लागला."

"कुणाला लागला, मावशी?"

बाईंनी वरचा दिवा लावला, वाकून पाहिलं, कापूस ओला करून कण्याजवळची कातडी पुसली. कापूस विटकरी लाल झाला. मला क्षणभर रक्तच वाटलं.

"मावशी, हे काय लावलंय?"

"काय नाय."

"आये," मी म्हटलं, "गेरू हाय ना तो?"

नागीण उठली तेव्हा वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या आत्याने येऊन गेरूचे बांध घातले होते, हे मला माहीत होतं. आमच्या भागात तसं करतात. नागिणीचं तोंड आणि शेपूट एकमेकांना भिडलं की माणूस जगत नाही, अशी समजूत आहे. म्हणून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना, एक पाठीकडे आणि एक छातीकडे, गेरूची जाड रेघ ओढायची. पुरळ सुकलं की रेघ पुसून टाकायची. आईने ती पुसलीच नव्हती. दुखणं राहिलं म्हणजे नागीण मेली नाही, आत शिरली, असं तिने धरलं होतं. रोज सकाळी ती बांध नवा करायची, क्लिनिकच्या दिवशी निघताना खोबरेल तेलाने पुसायची आणि घरी परतल्यावर पुन्हा घालायची. पुढचा नीट पुसला जायचा. पाठीकडचा तिला दिसत नसल्याने आज तसाच राहिला होता.

"रंग असला की प्रकाश तिथेच अडतो आणि कातडी तापते," बाई म्हणाल्या. "तो चटका त्याचाच. नागिणीला काही लागलं नाही, तुम्हाला लागलं. आता इथे गेरू नको, मावशी."

"मग मी येनार नाय."

आई उठून बसली. सदरा ओढून घेताना तो कुशीला लागला, तिने डोळे मिटले, पण थांबली नाही. "बांध पुसला नि ती पुढं सरकली तर? मी मेले तर हिच्या पोरीला कोन बघनार?" मला तेव्हा कळलं की आई इतके महिने नुसतं दुखणं नव्हे, मरण कुशीला बांधून हिंडत होती आणि आम्हाला एका शब्दाने बोलली नव्हती.

मी काहीतरी समजावायला तोंड उघडलं होतं. विज्ञान शिकलेली होते, बोलले असते. पण बाईंनी मला हाताने थांबवलं आणि आईच्या शेजारी स्टुलावर बसल्या.

"मावशी, बांध मलाही लागतो. तो नसला तर तुमचं दुखणं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते मला कसं कळणार? फक्त मी तो गेरूने घालत नाही. आज घालूया का? तुम्ही सांगायचं, मी ओढणार."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूहळू आडवी झाली.

बाईंनी कापसाची एक वात काढली. निरोगी कातडीपासून सुरुवात करून ती अगदी हलकेच आत आत नेत त्या विचारायच्या, "इथे?" आई म्हणायची, "नाय." "इथे?" "नाय." "इथे?" "स्स! हां, इथं." तिथे एक पांढऱ्या पेन्सिलीचा ठिपका. असे चहूबाजूंनी ठिपके झाले आणि मग त्या ठिपक्यांच्या बाहेरून रेघ. पाठीकडे, छातीकडे, वर, खाली. तळहातांनी झाकता येईल त्याहून मोठी, वेडीवाकडी, नकाशातल्या तालुक्यासारखी आकृती तयार झाली. मी मोबाइलवर फोटो काढून आईला दाखवला.

"चारी बाजूंनी बांध घातला हिनं," आई म्हणाली. "आत्यानं दोनच बाजूंनी घातला होता."

"दुखणं या तिळापर्यंत पोचलंय," बाई म्हणाल्या. बरगडीवर आईचा एक काळा तीळ होता. "हा आपला हद्दीचा दगड. पुढच्या वेळी बघू, बांध दगडाच्या कुठल्या बाजूला येतो ते."

घरी मी बाबांना सगळं सांगितलं आणि मग मला एक प्रश्न पडला. "आये, पाठीकडं तुझा हात पोचत नाय. मागचा बांध कोन घालायचं?"

आई चुलीकडे बघायला लागली. बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"बाबा?"

"आता ती सांगते म्हटल्यावर," बाबा म्हणाले. "सरळ रेघ येते माझी. गेटावर एवढी वर्षं रजिस्टरात रेघा मारल्या."

"आणि बॅटरी-बॅटरी करून हसत होतात!"

"हसायचं ते हसायचं. रेघ मारायची ती मारायची."

दुसऱ्या दिवशी आत्या येऊन हजर. आईनेच बोलावणं धाडलं होतं. तिला विचारल्याशिवाय गेरू सोडायला आई तयार नव्हती. आत्या आता काठी टेकत चालते. तिने आईला उजेडाकडे वळवलं आणि पुसट झालेली पांढरी रेघ डोळे बारीक करून सगळीकडून पाहिली. तिचा मान दुखावला असता तर आई पुन्हा क्लिनिकची पायरी चढली नसती.

"हे कोनी घातलं?"

"खोपोलीच्या बाईनं."

"शिकलेली दिसते. कोपरा सोडला नाय कुठं." मग काठीने आईच्या पायाला हलकेच टोचून म्हणाली, "बांध घातला की झालं गं. गेरूचा काय नि खडूचा काय. घाल तिच्याकडून. आनि तो गेरू मला दे, माझा तुळशीला संपलाय."

त्यानंतर गेरू बंद झाला. खेपा चालू राहिल्या. दर वेळी आधी कापसाची वात, "इथे?" "नाय", मग पांढरी रेघ, मग लाल उजेड. एक दिवस वात तिळावरून गेली आणि आई काहीच बोलली नाही. बाईंनी पुन्हा नेली. आई शांत. वात तिळाच्या बोटभर आत गेली तेव्हा ती म्हणाली, "हां, इथं."

बाईंनी रेघ ओढली. तीळ रेघेच्या बाहेर होता.

मी नवा फोटो काढून दिला, तो आईने कितीतरी वेळ पाहिला. भातशेतीत जन्म काढलेली बाई ती. बांध कोरला म्हणून आमच्या आळीत भाऊ भावाशी बोलत नाही. शेजाऱ्याने कुदळीचा एक घाव जास्त घातला की आरडाओरडा होतो. आई हसायला लागली, आणि हसताना नेहमी धरायची तशी कूस धरली नाही.

"ही बाई दर वेळी थोडा थोडा बांध कोरते माझा," ती म्हणाली. "नि मला भांडायची सोय नाय."

"कोरू द्या, मावशी. सगळी जमीन घेणार आहे मी."

सगळी मिळाली नाही. हे लिहायला हवं, कारण वाचणाऱ्यांत कुणी असं दुखणं काढत असेल. पावसाळी ढगाळ दिवसांत आईला अजून आत चमक येते. पाठीजवळ एक जागा अजून कापूस सहन करत नाही. गोळी डॉक्टरांनी कमी केली, बंद केली नाही. उजेडाने किती केलं, गोळ्यांनी किती, नुसत्या काळाने किती, आणि मरणाची भीती उतरली त्याने किती, हे मला वाटून सांगता येणार नाही. मी बाईंना विचारलं तर त्याही म्हणाल्या, "मलाही नाही येणार."

पण मी त्या खोलीत बसून पाहिलं आहे. लाल वर्तुळ कातडीवर थांबायचं, त्याच्याबरोबर न दिसणारं दुसरं काहीतरी आत जायचं, आणि पांढरी रेघ दर थोड्या दिवसांनी लहान व्हायची. प्रयोगशाळेत द्रावणातून प्रकाश सोडताना आता माझा हात क्षणभर थांबतो. आकडा मी तसाच लिहिते, पण त्या आकड्यामागे काय काय असू शकतं, याचा विचार येऊन जातो.

परवा कामावरून परतताना रिक्षातून उतरले तर आई अंगणात उभी होती. अंगात ब्लाउज, वर साडी, सदरा नाही. मुलगी नुकती रडली असावी, गालावर ओघळ होते, पण बोट वर, डोंगराकडून येणाऱ्या तारांकडे. तारांवर बगळे बसले होते आणि आई तिला ते दाखवत होती. दाखवायला उजवा हात मोकळा हवा, म्हणून तिने पोरीला डाव्या कडेवर घेतलं होतं. मुद्दाम घेतलं नव्हतं. सवयीचा हात सवयीने गेला होता, आणि तिच्या ते लक्षातही आलेलं दिसत नव्हतं.

मी फाटकातच थांबले. मुलीने मला पाहिलं आणि आनंदाने पाय झाडले. टाच बरगडीवर बसली. आईने ओठ मुडपला, मी धावणार तेवढ्यात तिने पोरीला आणखी वर उचललं आणि पुन्हा तिथेच, त्याच कडेवर नीट बसवलं.

"हळू गं बाय," ती तिला म्हणाली. "आजीचा बांध मोडशील."